फिनलंडच्या तीन बाटल्या आणि राणीसावरगावची येळवस

या प्रवासाला मी निघाले ती खरं तर वैतागून. नोव्हेंबरात माधव फिनलंडहून ऑफिसच्या कामासाठी नऊ दिवस पुण्यात आला होता आणि नऊ दिवसांत एकदाही घरी गेला नाही. त्याचं घर परभणी जिल्ह्यात, गंगाखेडच्या पुढं राणीसावरगावला. संध्याकाळी पुण्यातून निघालं तर सकाळच्या चहाला माणूस आईसमोर बसलेला असतो. मी विचारलं, "का जात नाहीस?" तर म्हणाला, "अण्णांनी सांगितलंय, येऊ नको म्हणून." एखादी एसटी रद्द झाल्याचं सांगावं तशा आवाजात.

अण्णा म्हणजे त्याचे वडील. दोन वर्षांपूर्वी माधवनं तिकडं आयनो नावाच्या मुलीशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं आणि मग फोन करून घरी सांगितलं. आधी विचारलं असतं तर अण्णा नाहीच म्हणाले असते, पण निदान विचारलं तरी असतं. त्यांनी फोन ठेवला, आणि तोवर गावात कुणाला हे लग्न माहीत नव्हतं. कुणी विचारलं तर "पोरगं कामात हाय" एवढंच उत्तर. माधव आणि मी पुण्यात चार वर्षं एकाच इमारतीत भाड्यानं राहायचो, त्याच्या आईच्या हातची कारळ्याची चटणी मी हक्कानं संपवलेली आहे. त्यामुळे मला बापलेक दोघांचाही राग आला.

परत जायच्या आदल्या दिवशी तो तीन बाटल्या घेऊन आला. अर्ध्या अर्ध्या लिटरच्या, गळ्याला दोरीनं कागद बांधलेला, त्यावर पेनानं लिहिलेली फिनिश अक्षरं. आयनोची आई हेल्मी रानात जाऊन फळं वेचते आणि साखर आणि दारूत महिनोन्‌महिने मुरवत ठेवते. तिकडं घरोघरी करतात म्हणे, आपल्याकडं लोणचं घालतात तसं. माधव म्हणाला, "केशरी तुला. लाल आणि पिवळी घरी. काच कुरिअरनं कशी पाठवू? अण्णा कधीमधी शेतावर घेतात थोडी. आई माळकरी आहे, तिला नीट सांगून दे."

नीट सांगून दे. हे मी ऐकलं होतं, एवढं वाचकांनी लक्षात ठेवावं.

आता बाटल्यांविषयी, कारण या ब्लॉगवर निम्मे लोक त्यासाठीच येतात. पार्ट्यांसाठी पेयं तयार करणं हा माझा व्यवसाय. माझी केशरी बाटली मी त्याच आठवड्यात उघडली. समुद्रकाठच्या काटेरी झुडपांवर येणारं, वाटाण्याएवढं, भयंकर आंबट फळ. साखर असूनही पहिल्या घोटाला डोळे मिटतात. सोड्यात घातलं तर नुसतंच आंबट लागतं, त्याला जोड लागते ती कच्च्या गोडाची. उसाचा रस बर्फगार करून तीन भाग, ही लिकर एक भाग, चिमूटभर काळं मीठ: हे जमलं. लाल बाटलीतलं फळ माधवच्या सांगण्यावरून करवंदाच्या घराण्यातलं वाटतं, आंबट आणि शेवटी तुरट. ती लिकर गुळाबरोबर आटवून, त्यात हिरवी मिरची ठेचून, भाजलेल्या पनीरवर किंवा हुरड्यावर घालावी असं माझ्या मनात होतं. पिवळं फळ दलदलीत उगवतं आणि एका देठाला एकच येतं, असं माधवनं सांगितलं. वास म्हणे मधाचा, थोडा पिकलेल्या फणसाकडं झुकणारा. तीच सगळ्यांत दुर्मीळ.

डिसेंबरच्या शेवटी पाच दिवस मोकळे मिळाले. माधवच्या आईला, म्हणजे राधाकाकूंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "येच. येळवसला ये." येळवस म्हणजे वेळ अमावास्या. त्या भागात त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवतं आणि वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

पहिला दिवस आणि दुसरा दिवस: रस्ता

पुण्याहून गाडीनं जाणाऱ्यांनी माझं अनुकरण करू नये. मी छत्रपती संभाजीनगरला मावसबहिणीकडं मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला निघून जालना, मंठा करत साडेनऊच्या सुमारास देवगाव फाट्यावर चहाला थांबले. बाटल्या मागच्या सीटवर, तीन जुन्या साड्यांत गुंडाळून.

चहावाल्यानं गाडीचा नंबर पाहिला. "ताई, एकल्याच? कुठं जायलाव?"

"राणीसावरगावला."

"पुण्याहून? मंग इकडून कामून आलाव? बीड, परळीवरून सरळ गंगाखेड व्हतं की. लय फेरा पडला तुमाला."

मी म्हटलं, बहिणीला भेटायचं होतं. त्याला ते फारसं पटलं नाही. "उद्या येळवस हाय तिकडं," तो म्हणाला. "गावात कुत्रंबी घावायचं न्हाई, समदे शेतात. उपाशीच जावा, सांगून ठिवतो." हा या प्रवासातला सगळ्यांत उपयोगी सल्ला, आणि दहा रुपयांच्या चहाबरोबर फुकट मिळालेला.

सेलूवरून परभणीत पोचेपर्यंत साडेअकरा. स्टेशनजवळच्या एका खानावळीत ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि मागेल तेवढा कांदा, दीडशेच्या आत. भाकरी गरम होती आणि वाढणाऱ्या बाईंनी चौथी न विचारता टाकली. परभणीच्या पुढं रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. दोन दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढं असला की घाई करायची नाही, गाणी लावून मागं मागं जायचं. गोदावरीचा पूल ओलांडला की गंगाखेड, आणि हंगामात हवेत साखर कारखान्याच्या मळीचा गोडसर, जड वास. तिथून दक्षिणेला जमीन वर खाली व्हायला लागते, काळ्या रानात मधेच खडक दिसतात, सीताफळाची झाडं दिसतात. साडेतीनला मी राणीसावरगावात होते.

काकू ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. बारीक, ताठ बाई, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. अण्णा दारातच ट्रॉलीच्या साखळीशी काहीतरी करत होते. त्यांनी मान हलवून माझी दखल घेतली. मी बाटल्या बाहेर काढल्या.

"काकू, माधवनं दिल्यात. आयनोच्या आईनं स्वतः केलंय."

काकूंनी हात पदराला पुसले आणि लाल बाटली दोन्ही हातांनी घेतली. "तिनं? सोताच्या हातानं?"

"हो. रानातून फळं वेचून आणून."

"काय हाय म्हनायचं हे?"

साखळीचा आवाज थांबला होता. अण्णा ऐकत होते. मला वाटलं, सुनेच्या घरून दोन वर्षांत पहिली वस्तू येते आणि ती दारू म्हटल्यावर या माणसाला पाहिजे ते निमित्त मिळेल. बाटल्या ओट्यावरूनच परत जातील. काकूंना मागाहून एकटीला सांगू, असा मी विचार केला आणि म्हणाले, "सरबत आहे. फळांचं."

"ठिवा तिकडं," अण्णा म्हणाले आणि साखळी घेऊन निघून गेले.

काकूंनी दोन्ही बाटल्या भिंतीतल्या देवळीत ठेवल्या, देवाच्या बाजूला. मग स्वयंपाकघरात सुनेविषयी प्रश्न सुरू झाले. ती उंच हाय का? मराठी बोलती का? थंडीत तिकडं भांडी कशी घासत्यात? मी फोनवर फोटो दाखवला. त्यांनी पाहिला, उठून हात धुऊन आल्या आणि परत पाहिला. "दोन वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "शेजारणी सुनांची गाऱ्हाणी सांगत्यात. मला सून असून गाऱ्हाणंबी करता येईना."

आपण दारूविषयी आत्ताच सांगावं, असं मला तेव्हा वाटलं होतं. पण तेवढ्यात दुसऱ्या दिवशीच्या भज्जीची तयारी निघाली. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. पावटा, हिरवे हरभरे, तुरीचे दाणे, वाटाणा, मिळेल ती पालेभाजी, चुका आणि चिंच, हे सगळं बेसनात शिजवलेलं. बाजरीचे उंडे, म्हणजे वाफवायचे गोळे, वळायचे होते. आंबील आदल्या दिवशीच लावून ठेवली होती: ज्वारीचं पीठ, ताक, लसूण, जिरं, मातीच्या मोठ्या घागरीत आंबत ठेवलेलं. वळता वळता काकू आपल्या पहिल्या येळवसचं सांगत होत्या. या घरात नव्या सुनेच्या पहिल्या येळवसला तिच्या माहेरचं ताक आंबिलीत पडतं. काकूंचा भाऊ अहमदपूरकडच्या त्यांच्या गावाहून चरवी घेऊन पहाटेच चालत आला होता. "त्या दिसापासून म्या ह्या शेताची झाले," त्या म्हणाल्या. मी ऐकलं, शेंगदाणे खाल्ले आणि थंडी वाजते म्हणून लवकर झोपले. परभणीकडची डिसेंबरची थंडी चेष्टेवारी नेऊ नका. माधव म्हणतो, फिनलंडपेक्षा इथं जास्त वाजते, कारण तिकडं घरं गरम असतात.

तिसरा दिवस: येळवस

सकाळी नऊला आम्ही ट्रॉलीत बसून शेतात. गावात खरंच कुणी नव्हतं. शेताच्या मध्यावर कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केलेली, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. बाहेर चुली, सतरंज्या, आसपासच्या शेतातली माणसं, गंगाखेडहून आलेले पाहुणे, मोटारसायकलवरून जाताजाता अडवून आणलेले दोन विमा एजंट. पूजा काकू आणि अण्णा करणार होते. मी बांधाच्या बोरीकडं गेले. बोरांचा गर कुस्करून केशरी लिकरमध्ये घालून पाहायचा होता. आंबट आणि पिठूळ गोड, जमेल असं वाटत होतं. ओंजळभर बोरं गोळा करायला अर्धा तास लागला, कारण निम्मी तिथंच खाल्ली.

परत आले तर पंगत बसली होती. चाळीसेक माणसं, पत्रावळ्या वाढलेल्या. अण्णा आंबिलीचं छोटं मडकं घेऊन, आरोळी देत, शेताभोवती आंबील शिंपडत गेले होते, तो पांढरा फेटा पार पलीकडच्या बांधाला दिसत होता. दोघंजण घागर पंगतीकडं आणत होते. आंबील गुलाबी होती.

मी काकूंकडं पाहिलं. त्या चोरून साखर खाल्लेल्या पोरीसारख्या हसल्या आणि माझ्या कानाशी आल्या. "तिच्या माहेरचं घातलं. लाल सरबत, समदी बाटली. झाली तिची येळवस. कुणाला बोलू नको."

"तुम्ही घेतली का आंबील?"

"निवद दाखवून पहिली वाटी मीच. परसाद न्हवं का?"

पंगतीत माझ्या नजरेला सात आठ माळा दिसत होत्या. घागर पहिल्या माणसापासून दहा पावलांवर. मी काकूंचा हात धरून त्यांना कोपीच्या मागं ओढलं आणि सांगितलं. दारू आहे. मला माहीत होतं. मी खोटं बोलले.

त्यांनी आधी गळ्यातल्या माळेला हात लावला. मग विचारलं, "माधवनं तुला सांगितलं व्हतं? मला सांग म्हणून?"

"हो. नीट सांगून दे म्हणाला होता."

"मंग त्याची चूक न्हाई." एवढं बोलून त्या माझ्याकडं वळल्या. "तू कामून खोटं बोललीस?"

"तुम्ही बाटल्या परत पाठवाल असं वाटलं."

"वास आला व्हता मला. वाटलं, लांबनं आलंय, आंबलं आसंल जराक. आंबिलातच तर वतायचंय." त्यांनी माळ काढली, पदराच्या टोकाला बांधली आणि पंगतीकडं चालू लागल्या. चाळीस वर्षं घातलेली माळ काढायला त्यांना तेवढा एक क्षण लागला. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

"थांबा," काकू म्हणाल्या. "घागर खाली ठिवा. ज्येच्या गळ्यात माळ हाय त्येनं आंबील घेऊ नका. दारू पडली त्यात."

"दारू? कुणी वतली?" पंगतीतून कुणीतरी विचारलं.

"म्या."

कुणीतरी हसलं, मग ती चेष्टा नाही हे लोकांच्या लक्षात आलं. "कुठली दारू, वैनी?" सोपानबापूंनी विचारलं. हे शेजारच्या शेताचे मालक, वयानं सगळ्यांत मोठे, स्वतः माळकरी. अण्णा नेमके तेव्हाच फेरी संपवून रिकामं मडकं घेऊन बांधावर येऊन उभे राहिले होते.

माझी आहे असं सांगा, मी खुणेनं म्हणत होते. पुण्याची बाई, दारूचा धंदा, सगळ्यांना पटलं असतं आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. काकूंनी माझी खूण पाहिली. मग अण्णांकडं पाहिलं. आणि म्हणाल्या, "माझ्या इहिणीनं धाडली. माधवच्या सासूनं. पोराचं लगन होऊन दोन वर्सं झाली. सून तिकडचीच हाय, आयनो नाव हाय तिचं. तिच्या माहेरचं म्हणून आंबिलात घातलं म्या. आत काय हाय ते मला ठावं नव्हतं."

पंगतीतल्या माना अण्णांकडं वळल्या. चुलीवरची भज्जी तेवढी रटरटत होती. अण्णांचा चेहरा मला वाचता येत नव्हता, आणि मी तो बघायचंही टाळत होते.

सोपानबापूंनी आपली वाटी पालथी घातली. मग अण्णांच्या हातातल्या मडक्याकडं बोट केलं. "आन् ह्येनं आत्ता काय शिंपडलं मंग समद्या शिवारात?"

"तेच," काकू म्हणाल्या.

"मंजी ज्वारीलाबी पाजली?" बापू म्हणाले आणि पंगतीत हशा फुटला. विमा एजंट तर उसळून हसत होते. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसण्याच्या मधूनच बापू ओरडले, "आन् अण्णा, पोराचं लगन झालं, जेवान कुठाय आमचं?"

शेताचा धनी येळवसला सगळ्यांत शेवटी जेवतो. अण्णांनी मडकं कोपीत ठेवलं, सरळ येऊन पंगतीत बसले आणि वाटी पुढं केली. "वाढ." काकूंनी वाढली. त्यांनी सगळी प्यायली. "आंबट हाय," म्हणाले. मग बापूंकडं न बघता, "ऱ्हायलंय जेवान. म्हायती हाय मला."

माळकऱ्यांसाठी शेजारच्या शेतातून आंबील आली. गुलाबी घागर मात्र बाकीच्यांनी तासाभरात संपवली. मीही प्यायले. अर्धा लिटर लिकर पंधरावीस लिटर आंबिलीत म्हणजे चढण्याचा प्रश्नच नव्हता, पण चव खरोखर चांगली होती. लसणाच्या आणि जिऱ्याच्या मागून ते तुरट फळ येत होतं. मी धंद्यात इतकी मिश्रणं केली, हे मला कधी सुचलं नसतं.

चौथा दिवस

सकाळी काकूंबरोबर गावातल्या बुवांकडं गेले. त्यांनीच काकूंना माळ घातलेली होती. काकूंनी सगळं सांगितलं, माझं नाव न घेता. मी मधे बोलले आणि माझा भाग सांगितला. बुवा म्हणाले, न कळता घडलं, येती एकादशी निर्जळी करा, आणि माळ पुन्हा गळ्यात घातली. मग माझ्याकडं वळले. "आन् तुमी?"

"मी माळकरी नाही."

"खरं बोलायला माळ लागत न्हाई," ते म्हणाले.

दुपारी ओट्यावर मी माझी उरलेली केशरी बाटली काढली. गंगाखेडच्या रस्त्यावरून उसाचा रस आणलेला होता, बर्फ फ्रीजमधला. वर सांगितलेलं माप, त्यात बोराचा गर एक चमचा. अण्णांसमोर ग्लास ठेवला.

"ह्यात हाय का?"

"आहे. एका ग्लासात साठ मिली. सरबत नाही."

त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. एक घोट घेतला, ग्लास उजेडात धरला. मग पिवळ्या बाटलीविषयी विचारू लागले. कुठं उगवतं? पाणी कुठलं? मी सांगितलं, दलदलीत, आणि एका देठाला एकच फळ.

"एकच?"

"एकच. आणि वर डास. गुडघ्याएवढ्या चिखलातून वेचत जायचं."

"वय काय असंल तिचं?"

"पासष्टच्या पुढं."

"बाटलीभर व्हायला किती दिस लागत असत्याल?" हे त्यांनी मला विचारलं नव्हतं. उरलेला ग्लास ते हळूहळू प्यायले आणि उठून गोठ्याकडं गेले. त्या दिवशी लाल बाटलीचा सॉस करायचा माझा बेत होता तो अर्थातच राहिला. हुरडा नुसताच खाल्ला, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, आणि काही कमी वाटलं नाही.

निघायच्या सकाळी काकूंनी रिकामी लाल बाटली धुऊन आणली. इहिणीकडचं भांडं रिकामं परत जात नाही. काकूंच्या मनात काळा मसाला होता. तेवढ्यात अण्णा आतून कणगीतली ज्वारी घेऊन आले, कडुलिंबाचा पाला निवडून काढत, आणि पायरीवर बसून एकेक मूठ बाटलीत सोडू लागले. काकू माझ्याकडं बघत राहिल्या. "बी हाय ते," हळूच म्हणाल्या. "घरचं बी त्येंनी सख्ख्या भावाला दिलं न्हाई कधी."

बाटली गळ्यापर्यंत भरल्यावर अण्णांनी विचारलं, "इमानात नेता येतंय का हे?"

मला हो म्हणायचं होतं. फार म्हणायचं होतं. "नाही, अण्णा. बी नेऊ देत नाहीत. विमानतळावर काढून घेतील."

त्यांनी थोडा विचार केला आणि तरीही बूच घट्ट बसवलं. "मंग हितंच येऊन पेरावं लागंल," ते म्हणाले आणि बाटली माझ्या हातात दिली. त्यांच्याकडून माधवसाठी निरोप एवढाच. पिवळी बाटली देवळीतून अण्णांच्या कपाटात गेली होती, न उघडलेली.

घरी

परतताना परळी, बीडवरून आले. चहावाला बरोबर होता, चांगले तीन तास वाचले.

जाणाऱ्यांसाठी: येळवस दरवर्षी डिसेंबर किंवा जानेवारीत येते, पंचांग बघून जा. कुणाच्याही शेतात गेलात तरी जेवायला मिळेल, जाताना मुलांना खाऊ न्या. राहायला गंगाखेडला साधे लॉज आहेत. आणि लिकर घालून स्वयंपाक करणाऱ्यांसाठी: उकळलं म्हणजे दारू उडून जाते हे अर्धसत्य आहे, थोडी राहतेच. समोरच्या माणसाला आधी सांगा. मग त्यानं घ्यायचं की नाही ते त्याचं तो ठरवेल. मी पंधरा वर्षं पाहुण्यांना हे सांगत आलेय, आणि नेमकं जिथं सांगायला हवं होतं तिथं गप्प बसले. काकूंनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. त्याचं ओझं मात्र उतरत नाही.

बाटली आता माझ्या शेल्फवर आहे, बाकी सगळ्या दारूच्या बाटल्यांच्या मधोमध, ज्वारीनं भरलेली, गळ्याला हेल्मीचा कागद तसाच. आल्या दिवशीच मी फोटो काढून माधवला पाठवला. लगेच फोन आला.

"कुणी भरली?"

"अण्णांनी. बियाण्याची आहे." मग मी निरोप सांगितला, त्यांच्याच शब्दांत.

पलीकडं तो आयनोशी फिनिशमध्ये बोलला, ती काहीतरी म्हणाली, तो परत काहीतरी म्हणाला. मग मला म्हणाला, "ती विचारतेय, पेरणी कधी असते?"

"रब्बीची ना? दसऱ्याच्या आसपास."

"तेव्हा तिकडं फार ऊन असतं का, असंही विचारतेय."

"असतं," मी म्हटलं. "ऑक्टोबरात भाजून निघेल ती. तिला नीट सांग."